एकोणीस किरबानेदो

आल्देआकोर्बा, सोरिया
१४ जानेवारी २०२३

एल्विरा,

नाताळात पाठवलेली बदामाची चिक्की पोचली आणि संपलीही. आभार नंतर मानतो, कारण आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही. काका फोन का करत नाहीत, असं तुझी आई विचारेल. फोनवर भांडण रंगात आलं की इथं रेंज जाते, आणि मला आज पूर्ण भांडायचं आहे.

माद्रिदच्या आकडेवारी खात्यानं आडनावांची नवी यादी लावली. आडनाव टाकलं की ते देशात किती जणांचं आहे हे यंत्र सांगतं. फिरतं ग्रंथालय गावात येतं तेव्हा त्या गाडीतल्या कम्प्युटरवर मी दरवर्षी बघतो. गेल्या खेपेला किरबानेदोपुढे एकवीस होते. या खेपेला रिकामी जागा. वीसपेक्षा कमी माणसं उरली की ते आकडाच दाखवत नाहीत, लोकांचं खासगीपण जपायचं असतं म्हणे. मी त्यांना दोन पानं लिहिली, की बाबांनो, हे खासगीपण तुमच्याकडे मागितलं कोणी, मी जिवंत आहे, मला मोजा. उत्तर तीन ओळींचं आलं. त्यातल्या दोन ओळी शुभेच्छांच्या होत्या.

मग मीच मोजायला बसलो. तारागोनाचे सहा, बिल्बाओचे चार, पालेन्सियाच्या मठातली आपली सिस्टर, असं करत करत एकोणीस भरले. त्यातले अकरा साठीच्या पुढचे. मी एकाहत्तरचा, बिनलग्नाचा, म्हणजे माझ्याकडून आशा नाही. आणि मग तुझ्या आईच्या पत्रात वाचलं की तुला जूनमध्ये बाळ होणार.

आता नीट ऐक. आपल्याकडे माणसाला दोन आडनावं, पहिलं बापाचं आणि दुसरं आईचं, आणि पुढच्या पिढीला जातं ते फक्त पहिलं. तू माझ्या भावाची मुलगी, म्हणून तू किरबानेदो. तुझ्या पोराच्या नावात किरबानेदो मागच्या बाकावर बसणार आणि त्याच्या पोरांच्या नावातून उतरून जाणार. पण कायदा बदलून आता बरीच वर्षं झाली. कोणाचं आधी लावायचं ते आईबापांनी ठरवायचं. तुमचं हे पहिलंच मूल, आणि पहिल्याला जो क्रम लावाल तोच पुढच्या सगळ्या भावंडांना लागतो. तेव्हा एकदाच हिंमत करायची आहे.

किरबानेदो पुढे लाव. विसावं माणूस मला दे. दुसरं काही मी तुझ्याकडे आजवर मागितलेलं नाही.

तुझा
सातुरिओ काका

*

सारागोसा
२ फेब्रुवारी २०२३

काका,

तुमचं पत्र मी इन्याकीला वाचून दाखवलं. "विसावं माणूस" येईपर्यंत तो हसत होता, तिथं थांबला. मला त्याची दया आली. गार्सिया आडनावाच्या माणसाला हे दुःख कसं कळणार? या देशात गार्सिया पंधरा लाखांच्या घरात आहेत. माझ्या सातवीच्या वर्गात चार आहेत, मी गणिताच्या वह्या तपासताना त्यांना नंबर दिलेत.

मी त्याला म्हटलं, तुमच्यातला एक कमी झाला तर कोणाला कळणारही नाही. तो म्हणाला, आईला कळेल. आणि तसंच झालं. रविवारी जेवताना सासूबाईंनी सूप वाढता वाढता विचारलं की आमच्या इन्याकीत काही कमी आहे का, की बाळाचा बाप कोण याबद्दल लोकांनी शंका घ्यावी. मी म्हटलं, आई, हा कायदा आहे. त्या म्हणाल्या, कायदा माद्रिदला, आमच्या जिन्यात शेजारी आहेत. इन्याकी पाव चघळत बसला. तो माझ्या बाजूचा आहे, पण त्याच्या आईसमोर नाही. या माणसापुढे मी हात टेकले.

सकाळी मळमळ, दुपारी सातवी ब, संध्याकाळी सासूबाईंचा फोन, आणि आता वर तुम्ही. माझ्या पोटात काय चाललंय हे एकानंही विचारलेलं नाही, सगळ्यांना पाटीवरच्या नावाची पडली आहे.

मी नाही म्हणत नाहीये. पण भांडायचं तर मला कळू दे कशासाठी. हे किरबानेदो आलं कुठून? आजोबा सांगायचे की आपला मूळपुरुष सरदार होता आणि राजानं त्याला घराण्याच्या चिन्हाची ढाल दिली. तुम्ही तीस वर्षं गावचे सचिव होतात, सगळी दप्तरं तुमच्या हाताखाली होती. सरदार खरा होता का? तेवढं तरी सासूबाईंच्या तोंडावर मारता येईल.

एल्विरा

*

आल्देआकोर्बा
२६ फेब्रुवारी २०२३

एल्विरा पोरी,

सरदार नव्हता. हे लिहायला मला तीन आठवडे लागले.

बिशपच्या दप्तरखान्यात जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या आहेत. तो उघडतो आठवड्यातून दोन सकाळी, आणि आपल्या गावाहून तिकडे बस जाते ती तिसऱ्याच दिवशी. शेवटी पशुवैद्याच्या गाडीतून गेलो, मागच्या सीटवर एक आजारी मेंढी होती. तिथल्या पाद्र्यानं मला हातमोजे घालायला लावले, पेन काढून घेतलं, आणि साडेबाराला दार लावलं. चार फेऱ्या झाल्या. वह्या अर्ध्या उंदरांनी खाल्ल्यात आणि अर्ध्या लिहिणाऱ्यांनी घाईत उरकल्यात.

आपला पहिला माणूस सापडला तो १६८८ सालचा. नाव लोरेन्सो, धंदा मिठाची खेचरं हाकण्याचा. "किरबानेदोहून आलेला" एवढंच लिहिलंय. किरबानेदो नावाचं गाव मी सगळ्या नकाशांवर शोधलं, कुठेच नाही. ओस पडून नांगराखाली गेलं असणार, इथं अशी गावं कमी नाहीत. वायादोलिदच्या एका तज्ज्ञाला पत्र टाकलं. त्याच्या मते शब्द बास्क असू शकतो, नसूही शकतो. एवढं सांगायला तो विद्यापीठात नोकरी करतो.

म्हणजे ढाल नाही आणि राजाही नाही. तुझ्या आजोबांनी आम्हाला शेंडी लावली.

पण पाचव्या फेरीत जे मिळालं ते ऐक. १७६१ साली आपल्या घराण्यात एकही मुलगा उरला नव्हता. होती ती होसेफा किरबानेदो. तिनं लग्न केलं एका परगावच्या माणसाशी, आणि तिच्या पाचही पोरांना आपलं आडनाव लावलं. पाद्र्यानं समासात कारण लिहून ठेवलंय, "आई तसं म्हणते." त्या काळी चालत असे. आपण सगळे त्या बाईचे आहोत. तेव्हा सासूबाईंना सांग की तू नवीन काही करत नाहीयेस. हे नाव एकदा एका बाईनं बुडता बुडता वाचवलं आहे.

सोबत एकोणीस जणांची यादी जोडतो, वय आणि पत्त्यासकट. प्रत्येकाला मी पत्र लिहिलं होतं. सात जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकीनं विचारलं की मी विमा विकतो का. माणसांना स्वतःच्या नावाचीही पडलेली नसते, याचा मला संताप येतो. यादी तुझ्या आईला दाखव, कोणी सुटलं असेल तर तिला आठवेल.

सातुरिओ काका

*

सारागोसा
२० मार्च २०२३

काका,

होसेफा मला आवडली. ती मी इन्याकीच्या गळी उतरवली आहे. "आई तसं म्हणते" हे तो आता घरात कशालाही म्हणतो, भांडी कोणी घासायची यालासुद्धा. सासूबाई अजून धुसफुसतात, पण तो या वेळी त्यांच्यासमोर बोलला. मूल किरबानेदो गार्सिया होईल, असं आमचं जवळजवळ ठरलं होतं.

मग काल तुमची यादी मी आईला दाखवली. तुम्ही सांगितलं होतं म्हणून.

आईनं चष्मा लावून एकेक नाव बोटानं वाचलं. शेवटी कागद उलटून मागची बाजू पाहिली. म्हणाली, एवढेच? मी म्हटलं, एवढेच. तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, "तुझ्या काकाला विचार, मार्सियाल कुठल्या यादीत आहे."

मी विचारलं, कोण मार्सियाल? ती म्हणाली, एउसेबियाचा. पाववाला. मला वाटलं तिचं वय बोलतंय. काका, तिनं मग जे सांगितलं ते मी इथं लिहीत नाही, कारण ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. ती इतकंच सांगून वाटाणे सोलायला बसली. बाबांना तिनं शब्द दिला होता म्हणे, ते गेले तरी तो तिनं पाळला. तुमची यादी बघून मात्र तिला राहवलं नाही.

मला एउसेबिया आठवते. उन्हाळ्यात गावी यायचो तेव्हा पाव आणायला मी जायचे. ती मला बघायची, खूप वेळ बघायची, आणि एक गोड पाव फुकट द्यायची. मला वाटायचं मी गोड दिसते.

तुमच्यावर चिडायचं की नाही हेही मला कळेनासं झालंय, आणि त्याचाच जास्त राग येतोय. स्पष्ट लिहा.

एल्विरा

*

आल्देआकोर्बा
३१ मार्च २०२३

एल्विरा,

इथं पुन्हा बर्फ पडलं. विहिरीचा पंप गोठला, तो सोडवण्यात दोन दिवस गेले.

वायादोलिदच्या त्या तज्ज्ञाला मी होसेफाची हकीकत कळवली आहे. तो मासिकात छापेल असं वाटतं. लोरेन्सोच्या बायकोचं नाव उंदरांनी खाल्लेलं असल्यानं तिचा माग लागत नाही.

वहिनींची जीभ पहिल्यापासून तिखट. पन्नास वर्षांपूर्वीच्या गावगप्पा आणि आडनावाचा प्रश्न यांचा काही संबंध नाही. मी यादी कागदपत्रांवरून केली आहे. कागदावर एकोणीसच आहेत.

तब्येत जप.

सातुरिओ

*

सारागोसा
९ जून २०२३

काका,

अडीच महिने मी तुम्हाला लिहिलं नाही, आणि तुम्हीही लिहिलं नाहीत. पंपाची चौकशी करायची माझी इच्छा नव्हती.

मुलगी झाली. परवा, बुधवारी, पहाटे. तीन किलो शंभर ग्रॅम, आणि आवाज तुमच्यासारखा. नाव होसेफा ठेवतोय. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतल्यापासून आडनावाचा विषय काढलेला नाही, त्यांना ती इन्याकीसारखी दिसते.

दवाखान्यातच नोंदणीचा फॉर्म आणून दिला. क्रमाची चौकट मी रिकामी ठेवली आणि सांगितलं की आम्ही स्वतः कचेरीत जाऊन नोंद करू. दहा दिवसांची मुदत आहे. सोळा तारखेला आम्ही जाणार.

तुमचं ते पत्र, "कागदावर एकोणीसच आहेत," मी प्रसूतीच्या पिशवीत घालून नेलं होतं. कळा येत असताना मला त्याचा इतका राग आला की त्याचा उपयोगच झाला. कागदावर नाहीत, कारण तो कागद तुम्हीच लिहिलात. आईनं शेवटी बाकीचंही सांगितलं. गावचे सचिव तुम्ही, जन्माची वही तुमच्याकडे, मार्सियालची नोंद तुमच्या अक्षरात आहे.

माझी अट ऐका. त्याच्याकडे जा. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही गेलात तर सोळा तारखेला मी किरबानेदो पुढे लावेन. नाही गेलात तर ती गार्सिया होईल, पंधरा लाखांतली एक, आणि मला त्याचं काही वाटणार नाही. एका पोराला दार लावून घेतलेलं नाव मी दुसऱ्या पोरीला आधी म्हणून का देऊ?

एल्विरा

*

आल्देआकोर्बा
१३ जून २०२३

एल्विरा,

हे पत्र पशुवैद्य सारागोसाला जाताना हातोहात देईल, टपालाचा भरवसा नाही.

मी गेलो होतो. सगळं क्रमानं सांगतो, नाहीतर मला सांगता यायचं नाही.

१९७६ साल. मी चोवीस वर्षांचा, नुकताच सचिव झालेलो. एउसेबिया रुपेरेस लामाता ही भट्टीवाल्याची मुलगी. आमचं वर्षभर चाललं होतं आणि मला ती आवडत होती, हे खरं आहे. दिवस गेले तेव्हा मी घरी सांगितलं. तुझे आजोबा म्हणाले, किरबानेदो हे नाव भट्टीत घालायला दिलेलं नाही. राजानं ढाल दिलेलं नाव. मी मान खाली घातली. त्या ढालीसाठी मी मान खाली घातली, आणि आता मला कळलं की ती ढाल खेचरवाल्याची होती.

ती पोराला घेऊन नोंदीला आली ती एकटीच. नोंदींवर सही करायला न्यायाधीश म्हणून बसलेला म्हातारा झोपलेला होता, वही माझ्यापुढे. बाप नसलेल्या पोराला आईचीच दोन आडनावं लागतात. जशीच्या तशी लावली तर कागदावर तो आईचा भाऊ दिसतो आणि प्रत्येक शाळेत, प्रत्येक कचेरीत समोरच्याला लगेच कळतं. म्हणून कायद्यानं सोय ठेवली होती की आईची इच्छा असेल तर क्रम उलटा करावा. मी तिला तेवढंच विचारलं. "उलटा करू का?" ती म्हणाली, "करा." ती मला अहोजाहो करत होती. मी लिहिलं, मार्सियाल लामाता रुपेरेस. बापाच्या रकान्यात मी पट्टी लावून एक रेघ मारली. सरळ यावी म्हणून पट्टी लावली.

त्यानंतर मी भट्टीत पाऊल टाकलं नाही. तिच्या अंत्ययात्रेला चर्चच्या मागच्या बाकावर बसलो, चार वर्षं झाली त्याला. मार्सियाल गाडीतून पाव वाटतो. लोक दारावर पिशवी टांगून ठेवतात, तो तीत पाव घालून पुढे जातो. माझ्याही दारावर पिशवी असते. वीस वर्षं तो माझ्या दारात येतोय आणि मी आतून पावलं ऐकून घेतो.

काल दुपारी भट्टी विझल्यावर मी गेलो. खिशात अर्ज घेऊन गेलो होतो. मोठ्या माणसाला आपलं मूल म्हणून मान्य करायचं असेल तर त्याची संमती लागते, हे मी जन्मभर दुसऱ्यांना समजावून सांगितलं आहे. सगळा अर्ज टंकलेला होता, फक्त त्याची सही बाकी. खाली त्याच्या दोन्ही मुलींची नावंही घातली होती, म्हणजे त्यांनाही आडनाव लागावं. बावीस होतात, हे मी वाटेत मोजलं. तुझ्यापासून लपवत नाही, वाटेत मोजलं.

तो पाव भाजायचे पत्रे खरवडत होता. मला बघून त्याला नवल वाटलं नाही. म्हणाला, बसा सातुरिओसाहेब, आणि पिठाचं पोतं सरकवून दिलं. मी अर्ज पुढे केला. त्यानं हात पुसले, सगळा वाचला, दोन्ही बाजूंनी. मला वाटलं तो ओरडेल. मी ओरडणं ऐकायच्या तयारीनं गेलो होतो.

तो म्हणाला, "आईनं दिलेलं नाव मला पुरलं. शाळेत नाही पुरलं, तिथं मार खाल्ला. पण पुढं पुरलं. माझ्या पोरींना तेच आवडतं, गाडीवर रंगवून घेतलंय त्यांनी."

मी म्हटलं, मला चूक दुरुस्त करायची आहे.

त्यानं विचारलं, "तुम्हाला मुलगा पाहिजे, की विसावा माणूस?"

सगळ्या गावाला माझ्या मोजणीची माहिती आहे, फिरत्या ग्रंथालयात मी मोठ्यानं बोलतो. एल्विरा, मला पटकन उत्तर द्यायला हवं होतं. एका शब्दाचं उत्तर होतं. पण खोटं बोलू नये असं वाटलं, आणि खरं काय ते मला आतल्या आत शोधावं लागलं, आणि मी शोधत राहिलो. तेवढ्यात त्यानं अर्जाची घडी घातली आणि माझ्या वरच्या खिशात ठेवली. नीट ठेवली. मग पुन्हा पत्रे खरवडायला लागला. मी घरी आल्यावर उत्तर सापडलं, पण ते आता त्याच्या उपयोगाचं नाही.

तुझी अट मी पाळली, पण त्यावर माझा हक्क सांगत नाही. सोळा तारखेला जे लावायचं ते लाव. तुझ्या होसेफाला हे आडनाव तू देणार असलीस तर ते तुझं आहे म्हणून दे, माझं वाचावं म्हणून देऊ नकोस. मी माद्रिदवर चिडलो, उंदरांवर चिडलो, तारागोनाच्या सहा जणांवर चिडलो. नाव बुडतंय म्हणून सगळ्यांना दोष दिला. ते बुडवायची सुरुवात मी केली होती, माझ्या सुंदर अक्षरात, सही-शिक्क्यासकट.

सातुरिओ